ड्रायव्हर नेटवर आहे

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे फुकटचे अपडेट थांबवले. विंडोज ११ वर जायचं तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही अलीकडच्या पिढीतला लागतो. त्यामुळे ज्यांच्या कीबोर्डची एकही कळ अजून निखळलेली नाही असे धडधाकट लॅपटॉप एका दिवसात निवृत्तांच्या यादीत गेले. अशा लॅपटॉपच्या मालकाला लिनक्स सुचवायला प्रत्येक कुटुंबात एक भाचा असतो. आमचा लीड्सला असतो.

"मामा, लिनक्स मिंट टाक. फुकट आहे, हलकं आहे. आणि तुला लागतं काय? ब्राउझर आणि पीडीएफ." हे खरं असलं तरी असं कुणी तोंडावर सांगू नये. शिवाय जुनी विंडोज पुसायची नव्हती. ती एका कप्प्यात ठेवून शेजारच्या कप्प्यात मिंट बसवायचं होतं, म्हणजे वाटेल तेव्हा इकडून तिकडे जाता येतं. शनिवारी दुपारी त्याची तिकडे सकाळ झाल्यावर व्हिडिओ कॉल लागला. मी एका हाताने फोन लॅपटॉपसमोर धरून दुसऱ्या हाताने तो सांगेल ते दाबत गेलो. भाषा इंग्रजी, कीबोर्ड 'इंग्लिश यूके', गाव कोलकाता. भारतात कुठेही राहत असलात तरी लिनक्सच्या दृष्टीने वेळेपुरते तुम्ही कोलकात्याचे. नाशिकला त्या यादीत जागा नाही, मुंबईलाही नाही, त्यामुळे रुसण्यात अर्थ नव्हता.

बसवण्याचं काम कुरकुर न होता झालं. देखणा पडदा, खाली मेनू, एका कोपऱ्यात तारीख. फक्त त्या कोपऱ्यात जिथे वायफायचा पंखा दिसायला हवा, तिथे काहीच नव्हतं. सिग्नल कमी असतो तेव्हा पंखा फिका दिसतो, पासवर्ड लागणार असेल तर कुलूप दिसतं. इथे पंखाच नाही. वायफाय नावाची काही चीज जगात आहे याची लॅपटॉपला कल्पनाच नसावी असा तो कोपरा स्वच्छ होता.

"मामा, तुझ्या वायफाय चिपचा ड्रायव्हर त्यात नाहीये."

"मग?"

"उतरवून घ्यायचा."

"कुठून?"

"नेटवरून," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आल्यासारखा गप्प झाला.

या जागी माझ्याआधी लाखो माणसं येऊन बसली असतील. नेट लागण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर नेटवर आहे. हा काही लिनक्सचाच गुण नाही. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती तर बसवताना सुरुवातीच्या एका पडद्यावरच नेट मागते आणि वायफायचा ड्रायव्हर नसला की त्या उंबरठ्यावरच अडून राहते. मदतीचं पानही नेटवर, चिपच्या कंपनीचं सूचनापत्रकही नेटवर, 'नेट चालत नाही तर काय करावं' हा व्हिडिओ तर नेटवर असणारच. ज्याचं सगळं सुरळीत चालू आहे त्याच्या सोयीसाठी एवढी मदत उपलब्ध आहे की थक्क व्हावं.

पूर्वी असं नव्हतं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतर बरीच वर्षं माणसं हे धरूनच चालत की घरात नेट नसतं, आणि असलंच तर ते कधीही जाऊ शकतं. त्यामुळे प्रत्येक वस्तूसोबत चकती यायची. मदरबोर्डची चकती, मोडेमची चकती, प्रिंटरची चकती. उबुंटूवाले तर मागेल त्याला फुकट सीडी टपालाने पाठवायचे. २०११ साली त्यांनी ते बंद केलं, कारण आता सगळे उतरवूनच घेतात म्हणे. आमच्या कपाटात अशा चकत्यांचा एक डबा आहे, आणि ती चकती घालायची खाच असलेलं एकही यंत्र घरात नाही.

त्या काळाला नावं ठेवायला जागा आहे, हे आधीच सांगतो. स्वस्तातले मोडेम निम्मं काम स्वतः न करता विंडोजच्या गळ्यात मारायचे, त्यामुळे लिनक्समध्ये ते नुसते शोभेचे. पण मोडेममध्ये एक मोठेपणा होता. तो जोडणी करताना ओरडायचा. आधी डायल केल्याची टिकटिक, मग पलीकडची शिट्टी, मग दोघांची ती घशातली खरखर, आणि जमलं की एकदम गप्प. कुठे अडलं ते कानाला कळायचं. पलीकडून कुणी उचललंच नाही, की उचललं आणि पटलं नाही, हे स्वयंपाकघरातून सांगता यायचं. आताची जोडणी मुकी आहे. एक गोल फिरतो, आणि तो यशाच्या आधीही तसाच फिरतो आणि अपयशाच्या आधीही.

आमच्या नेटवाल्याला फोन केला. सर्व नेटवाल्यांना एकच मंत्र दिलेला असतो: "राऊटर बंद करून चालू करा." तो झाला. मग दुसरा: "वायर डायरेक्ट लॅपटॉपला लावा." राऊटरबरोबर आलेली छोटी केबल कुठल्यातरी दिवाळीच्या आवराआवरीत गेली असल्यामुळे, राऊटरमध्ये येणारी मूळ वायरच उपटून लॅपटॉपला लावली. मिंटमध्ये गोल फिरला आणि थांबला. भाच्याने विंडोजमध्ये जाऊन तेच करायला सांगितलं. तिथे निदान एक आकडा दिसला, १६९.२५४ ने सुरू होणारा.

"हां," भाचा म्हणाला, "म्हणजे समोरून कुणी पत्ता दिलेला नाही."

हा पत्त्याचा व्यवहार मजेदार असतो. जाळ्यात नवीन आलेलं यंत्र आधी सगळ्यांना उद्देशून ओरडतं की इथे पत्ते वाटणारं कुणी आहे का. असेल तो म्हणतो, हा घे. यंत्र म्हणतं, बरं, हाच मला द्या. तो म्हणतो, दिला. अशी चार वाक्यं झाली की काम झालं. पण समोरून उत्तरच आलं नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ चा एक पत्ता घेऊन बसते. आषाढीला पंढरपुरात खोली न मिळालेल्या माणसाने कुणाच्या तरी ओट्यावर सतरंजी अंथरावी आणि घरी कळवावं की सोय झाली, तसा तो पत्ता. ओट्यावर झोप लागते, पण त्या पत्त्यावर पत्र येत नाही. उत्तर का आलं नाही तेही नंतर उमगलं. बरेच नेटवाले आपल्या दप्तरी घरच्या राऊटरचा मॅक क्रमांक नोंदवून ठेवतात आणि अनोळखी यंत्राशी बोलत नाहीत. थोडक्यात, वायर डायरेक्ट लावा म्हणणारा आणि डायरेक्ट लावलेल्याला दार न उघडणारा, दोघे एकाच दुकानातले होते.

"अहो, चालत होतं ते कशाला मोडलंत?" हा प्रश्न घरात याच सुमारास आला. त्याला उत्तर नसतं.

वाट निघाली ती फोनमधून. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं. लिनक्सला फोन वायरच्या नेटसारखा दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर आधीच आत असतो. फक्त एक ग्यानबाची मेख आहे. आम्ही लावली त्या केबलने फोन चार्ज होऊ लागला आणि बाकी काहीही झालं नाही. टेदरिंगचं बटण करड्या रंगात, दाबलं तर दबत नाही. स्वस्त केबलींमध्ये पुष्कळदा विजेच्याच दोन तारा असतात, माहिती वाहणाऱ्या दोन घातलेल्याच नसतात. बाहेरून कळायला मार्ग नाही, जाडी तीच, टोक तेच. घरातल्या सगळ्या केबली गोळा करून एकेक लावून पाहिली, तेव्हा एका जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीतली पिवळट पडलेली केबल खानदानी निघाली. बटण निळं झालं आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात दोन छोट्या चौकटी जोडल्याचं चिन्ह उमटलं.

मग ड्रायव्हर उतरला. तो आधीपासून आत का नसतो, याचं भाच्याने दिलेलं उत्तर मला पटलं. काही कंपन्या आपल्या चिपचं आतलं गुपित कुणाला देत नाहीत, आणि काही जण आपला तयार ड्रायव्हर इतरांनी वाटण्याचीही परवानगी देत नाहीत. लिनक्सच्या जगात कर्मठ मंडळी आहेत, त्यांना असा बंद डब्यातला माल मूळ संचात चालत नसे. डेबियन हे त्यातलं सोवळं घर. त्यांनी २०२२ मध्ये रीतसर मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असा माल इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. मला दोन्ही बाजू मान्य आहेत. फक्त लॅपटॉप बंद पडलेला असताना दुसरी जरा जास्त मान्य होते.

ड्रायव्हर बसला, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि पंखा उगवला. त्यावर दाबताच सोसायटी उलगडली. 'श्री स्वामी समर्थ', 'जोशी_५जी', 'मागू नका', 'बी विंग कमिटी', आणि एक 'पोलीस व्हॅन', जे तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरांचं असावं. त्यात आमचंही नाव होतं. पासवर्ड आमच्याकडे घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे. जोडणी करून गेलेल्या मुलानेच तो ठेवला होता: आडनाव, मग ॲट, मग १२३. या धाटणीचा पासवर्ड नसलेलं घर आमच्या सोसायटीत सापडणं कठीण.

टाकला. चुकला. सावकाश टाकला. चुकला. बायकोने टाकला, तोही चुकला, त्यामुळे निदान घरात शांतता राहिली. पासवर्डच्या जागी टिंबं उमटतात, म्हणून आत काय चाललंय ते दिसत नाही. शेवटी भाच्याने टिंबांशेजारचा डोळा दाबायला सांगितलं. आडनाव ठीक होतं, १२३ ठीक होतं, आणि मधल्या ॲटच्या जागी दुहेरी अवतरण चिन्ह बसलं होतं. दुपारी निवडलेला तो 'इंग्लिश यूके' कीबोर्ड! इंग्लंडच्या कीबोर्डवर शिफ्ट धरून २ दाबलं की अवतरण चिन्ह येतं, ॲट राहतो पलीकडे एंटरच्या बाजूला. आपल्याकडचे लॅपटॉप अमेरिकी मांडणीचे. भाच्याने सवयीने आपला देश निवडला होता. "सॉरी मामा," तो म्हणाला. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शिफ्ट-दोनवर त्यांचा ताबा होता, असं मी म्हटल्यावर तो हसला नाही. तिकडे त्याचं जेवण राहिलं होतं.

वायफाय लागलं तरी एकही पान उघडेना. इथे पिंग नावाचा प्रकार कामाला येतो. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांनी तो डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं. हाक मारायची आणि प्रतिसाद येतो का बघायचं, एवढंच त्याचं काम. सुरुवात १२७.०.०.१ पासून करायची, म्हणजे यंत्राने स्वतःलाच हाक मारायची. तिथून उत्तर ताबडतोब येतं आणि उगाच धीर येतो. मग राऊटरला हाक, तोही ओ देतो. मग ८.८.८.८, म्हणजे गूगलचा नावं शोधून देणारा सर्व्हर, तोही ओ देतो. पण एखाद्या संकेतस्थळाला नावाने हाक मारली की सामसूम. याचा अर्थ रस्ता ठीक आहे, नावावरून पत्ता सांगणारा झोपला आहे. हे नावं-पत्त्यांचं दप्तर, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी त्याच १९८३ साली आखलं. त्याआधी जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असत, आणि ती कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत काही माणसं हाताने सांभाळत. आमच्या नेटवाल्याचा पत्तेवाला त्या संध्याकाळी सुट्टीवर होता. सेटिंगमध्ये त्याच्या जागी १.१.१.१ हा दुसरा पत्तेवाला लिहिला आणि पानं धडाधड उघडू लागली.

शेपूट एकच उरलं. दुसऱ्या दिवशी विंडोज उघडली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि तिथलं घड्याळ साडेपाच दाखवत होतं. लिनक्स यंत्राच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचते, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. थंडीचे दिवस होते, त्यामुळे ती लीड्सचीही वेळ होती. विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ पुन्हा जुळवून घेता येते. मी काही दिवस तशीच ठेवली, भाच्याला फोन करायला सोयीची पडली.

तुमचाही असा निवृत्त लॅपटॉप असेल तर मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, ते न बसवताही चालतं. वायफायचा पंखा तिथे दिसला तरच पुढे जा. काही चिपांचे ड्रायव्हर त्या पेनड्राइव्हवरच असतात, आमच्या चिपचा नव्हता. पासवर्ड टाकताना डोळा दाबा. आणि दुकानात केबल घेताना "डेटाची आहे ना?" एवढं विचारून घ्या. दुकानदार हो म्हणेलच, तरी तिथेच फोन लावून पाहा.