फ्लिंटची भाऊबंदकी

अहो वहिनी, बीट विकताय म्हणे? काल तो गृहस्थ मोबाइलची बॅटरी लावून गाडीखाली वाकून वाकून बघत होता, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, चालली वाटतं शेवरलेट. केवढ्याला मागितली? ... अगंबाई! एवढ्यात धड जुनी स्कूटर मिळत नाही हल्ली. पण तुमच्या हातात तरी काय आहे म्हणा. २०१७ साली कंपनीने इथली विक्रीच गुंडाळली, २०२०च्या डिसेंबरात आपल्या एमआयडीसीतला कारखाना थांबला, आणि आता तर तिथे ह्युंदाईवाले आले. मागे कुणी नसलेल्या गाडीला भाव कोण देणार?

आणि भाऊजी म्हणत होते, पुढचा सोनेरी बिल्ला आठवण म्हणून काढून ठेवायचा. ठेवा की. पण आठवण कुणाची, ते तरी ऐकून घ्या. कुकर आत्ताच चढवलाय, तीन शिट्ट्या व्हायला वेळ आहे.

मी लेकीच्या बाळंतपणाला मिशिगनला गेले होते ना, तेव्हा जावई एका रविवारी फ्लिंटला घेऊन गेले. मला वाटलं, धबधबा बिबधबा दाखवतील. कसलं काय! विटांचा रस्ता, कडेला ओळीने पुतळे, आणि जावई एकेकापाशी थांबून सांगतायत, हे ड्युरंट, हे ब्युइक, हे शेवरले. मी मनात म्हटलं, हे म्हणजे आपल्याकडे पूर्वजांचे टाक देवघरात बसवतात तसंच झालं. जिवंतपणी विचारलं नाही ते नाहीच. कारण ह्यातल्या एकाचाही शेवट धड झाला नाही हो.

तर तो बिल्ला. तो कुठून आला ह्यावर एकाच घरात तीन मतं. शेवरलेट कंपनी काढणाऱ्या ड्युरंटच्या नावावर सांगतात ते असं, की पॅरिसच्या हॉटेलात भिंतीवरच्या कागदावर ही नक्षी दिसली, तुकडा फाडून खिशात घातला. मुलगी म्हणते, छे, बाबा जेवता जेवता कागदावर रेघोट्या मारायचे, सूप आणि तळलेली कोंबडी ह्यांच्या मधल्या वेळात काढलंय ते. आणि बायको म्हणते, काही नाही हो, व्हर्जिनियात सुट्टीला गेलो होतो, पेपरात कोळशाच्या जाहिरातीवर तसलंच चिन्ह होतं, हे म्हणाले, गाडीला छान दिसेल. मला विचाराल तर बायकोचं खरं. नवरा कुठून काय उचलून आणतो ते बायकोलाच ठाऊक असतं.

हा विल्यम ड्युरंट, बिली म्हणत त्याला. आजोबा मिशिगनचे गव्हर्नर. पण ह्याने शाळा अर्धवट सोडली, सिगार विकले, विमे विकले. बोलायला असा गोड, की समोरच्याने हातातली पिशवी देऊन टाकावी. १८८६ साली एका ओळखीच्याच्या घोडागाडीत बसला, ती हिसके देत नव्हती, ह्याला भारी आवडली. दुसऱ्या दिवशी आगगाडी पकडून ती बनवणाऱ्याच्या गावी हजर! २००० डॉलर कर्ज काढलं, धंदाच विकत घेऊन आला. पंधरा वर्षांत देशातल्या मोठ्यातल्या मोठ्या बग्गीवाल्यांत ह्याची गणती. गंमत म्हणजे, मोटारी त्याला आवडत नसत. आवाज करतात, घाण वास येतो, घोडे बुजतात म्हणायचा. पण ब्युइकवाले बुडायला आले होते, १९०४ साली ते ह्याच्या पदरात पडले, आणि मग गडी सुटलाच.

ब्युइक कोण? तो डेव्हिड ब्युइक स्कॉटलंडहून आलेला, नळाच्या सामानाचा कारागीर. न्हाणीघरातल्या बिडाच्या टबांवर पांढरंशुभ्र इनॅमल बसवायची युक्ती त्याची. तीच धरून बसला असता तर पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. पण मोटारीचं वेड! कंपनी हातातून गेली, पैसा गेला. म्हातारपणी डेट्रॉइटला एका धंदेशिक्षणाच्या शाळेत नोकरी करायचा, घरात टेलिफोन परवडत नव्हता. १९२९ साली गेला. रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे त्याचं नाव धावतंय, आणि हा आपला चालत.

बरं, १९०८ साल. मे महिन्यात बिलीने पहिल्या बायकोशी काडीमोड घेतला आणि दुसऱ्या दिवशी एकोणीस वर्षांच्या मुलीशी लग्न लावलं. स्वतः शेहेचाळीसचा! आणि सप्टेंबरच्या १६ तारखेला जनरल मोटर्स काढली, भांडवल पुन्हा तेच, २००० डॉलर. हा आकडा पत्रिकेतच होता त्याच्या. मग काय, आपल्या जाऊबाई सेलमध्ये शिरल्या की जसं होतं तसं. ओल्डस्‌मोबिल घे, ओकलंड घे, कॅडिलॅक घे, दिवे बनवणारा घे, गिअर बनवणारा घे. फोर्डसुद्धा घेणार होता हो! फोर्ड म्हणाला, ८० लाख डॉलर, त्यातले २० लाख रोख टेबलावर. बँकेने कानावर हात ठेवले. म्हणून राहिलं.

वर्षभरातच ओढाताण. १९१० साली सावकार आले. कागदावर दीड कोटीचं कर्ज, हातात टेकवले एक कोटी साडेसत्तावीस लाख, बाकीचं आधीच कापलेलं. वर अट अशी, की पाच वर्षं कारभार आम्ही बघणार. म्हणजे घर ह्याचं आणि किल्ल्या बँकवाल्यांच्या कमरेला.

दुसरा असता तर काशीला गेला असता. हा गेला लुई शेवरलेकडे. लुई मूळचा स्वित्झर्लंडचा, शर्यतीत गाड्या पळवणारा, आडदांड. नाव कसं झोकदार, म्हणून बिलीला हवं होतं. १९११च्या नोव्हेंबरात कंपनी काढली. लुईने बनवली २१५० डॉलरची खानदानी गाडी, बिलीला हवी फोर्डच्या तोडीस तोड, स्वस्त. त्यावरून वाजलंच. पण लोक सांगतात ते निराळं. लुईच्या ओठाला कायम सिगारेट चिकटलेली, आणि बिली म्हणे, आता तू मोठा माणूस, चिरूट ओढत जा. लुई म्हणाला, गाडी घेतलीस, नाव घेतलंस, माझी सिगारेट मी देणार नाही. आणि निघून गेला. नाव मात्र तिथेच राहिलं, तुमच्या दारातल्या गाडीपर्यंत. पुढे हातात काही उरलं नाही, आणि म्हणतात की उतारवयात आपल्याच नावाच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून पगारावर लागला. १९४१ साली गेला.

... हो हो, दुसरी झाली. ऐकली मी शिट्टी.

आता खरी मजा. शेवरलेटची ४९० डॉलरची गाडी निघाली, नावही ४९०, आणि तडाखेबंद खपली. इकडे बिली गुपचूप सांगत फिरतोय, तुमचा जनरल मोटर्सचा एक शेअर द्या, शेवरलेटचे पाच घ्या. लोकांनी ट्रंका उघडून कागद आणून दिले. पाच वर्षांची मुदत संपायला आणि ह्याच्याकडे पारडं झुकायला एकच गाठ पडली. १९१६ साली अध्यक्षाच्या खुर्चीत पुन्हा हजर! धाकट्या कंपनीने थोरलीला गिळलं हो. आपल्याकडे असं फक्त दत्तकाच्या खटल्यात होतं.

पण स्वभावाला औषध नाही. टेलिफोनवर शेअरचे भाव, बाहेर मोठमोठे लोक ताटकळत बसलेले. वॉल्टर क्रायस्लर ब्युइकचा मुख्य, तोही वैतागून गेला. हो, तोच क्रायस्लर. आपल्या वालचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला ज्या डॉज न् प्लिमथ जोडल्या, त्या ह्याच्याच कंपनीच्या. १९२० साली मंदी आली, शेअर गडगडले, आणि बिली भाव सावरायला कर्ज काढून स्वतःच विकत घेत सुटला. विहिरीत पाणी राहावं म्हणून घरातल्या घागरी ओतायच्या, असली तऱ्हा. शेवटी द्यू पाँ आणि मॉर्गन ह्या बड्या पैसेवाल्यांनी देणं भागवलं आणि ह्याला निरोप दिला. पुन्हा नवी कंपनी काढली, तीही १९२९च्या कोसळण्यानंतर बुडाली. १९३६ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यात मालमत्ता म्हणून २५० डॉलरचे अंगावरचे कपडे. पुढे फ्लिंटमध्येच बोलिंग खेळायचा हॉल चालवत होता, बाजूला खाण्याचं दुकान. ज्या गावाला ह्याने पोटापाण्याला लावलं, त्याच गावात! पण ती एकोणीस वर्षांची पोर, जिच्यावरून लोकांनी नाकं मुरडली असतील, ती शेवटपर्यंत सोबत होती बरं का. १९४७च्या मार्चात तो गेला, आणि वीस दिवसांनी फोर्ड.

फोर्डवरून आठवलं, कॅडिलॅक मुळात फोर्डच्या मोडलेल्या कंपनीतून निघाली. १९०२ साली भागीदारांशी पटेना, तो बाहेर पडला, त्यांनी हेन्री लेलंड आणला आणि नावच बदललं. पुढे लेलंडने जनरल मोटर्स सोडून लिंकन काढली, ती बुडाली, आणि १९२२ साली कुणी विकत घ्यावी? फोर्डनेच! काही महिन्यांत लेलंड बापलेकांना दार दाखवलं. वीस वर्षं मनात ठेवलं होतं. पुरुष म्हणतात, बायका विसरत नाहीत.

मग जनरल मोटर्सच्या गादीवर आल्फ्रेड स्लोन आला. ऐकायला कमी यायचं, पण हिशेबाला सगळं ऐकू यायचं. फोर्ड एकच काळी गाडी विकत बसला होता, स्लोनने पायऱ्या लावल्या. खाली शेवरलेट, वर कॅडिलॅक, मधल्या बाकीच्या. मुलाला बढती मिळाली की गाडीने एक पायरी चढायचं. आणि दर वर्षी नवं मॉडेल! आत इंजिन तेच, वर रंग निराळा, कड निराळी. साडीवाला करतो तेच की, पोत तोच न् काठ नवा. घ्यायला पैसे नाहीत? हप्ते आहेत. शेजारणीच्या दारात नवी दिसली की आपली जुनी वाटायला लागते, हे ज्याला कळलं त्याने फोर्डला मागे टाकलं.

पण माझ्या मनात राहिलं ते निराळंच. त्या फ्लिंटच्या बायका. १९३६च्या डिसेंबरअखेर जनरल मोटर्सच्या कामगारांनी संप केला तो बाहेर येऊन नाही, आतच बसून. यंत्रांपाशी ठाण मांडलं, ४४ दिवस. बाहेरून बदली माणसं आत कशी आणणार? कंपनीने आतली ऊब बंद केली. तिथला जानेवारी मी बघितलाय वहिनी, श्वाससुद्धा पांढरा दिसतो. बायका खिडक्यांतून डबे पोचवत होत्या. ११ जानेवारीला पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आतल्यांनी पाण्याचे पाइप उलटे पोलिसांवर धरले आणि मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या फेकल्या. तेव्हा जेनोरा जॉन्सन नावाची तेवीस वर्षांची पोर लाउडस्पीकर हातात घेऊन उभी राहिली आणि बायकांना म्हणाली, कडं तोडून आत या, आपल्या माणसांच्या बाजूला उभ्या राहा. आल्या की! लाल टोप्या घालून पुढे त्यांनी पलटण काढली, कोंडलेल्यांना हवा मिळावी म्हणून कारखान्याच्या काचा फोडल्या. गव्हर्नरने शिपाई आणले, पण संपवाल्यांना हुसकायला वापरले नाहीत. ११ फेब्रुवारीला कंपनीने युनियन मान्य केली. आणि पुतळे बघा कुणाचे? जेनोराचाही आहे का, मी विचारलं. जावई म्हणाले, आई, आता जेवायला जाऊ या.

तुम्हाला राल्फ नेडर नावाच्या वकिलाचं सांगितलंय का? त्याने १९६५ साली पुस्तक लिहिलं, त्यात शेवरलेटच्याच कॉर्व्हेर गाडीचे दोष काढले. कंपनीने उत्तर द्यायचं सोडून मागे गुप्तहेर लावले! ह्याला बाईचं वेड आहे का, पैशाची भानगड आहे का. दुकानात एक बाई येऊन त्याला म्हणाली, जरा घरी येता का, जड सामान हलवायचंय. हा कसला जातोय, ब्रह्मचारी! सगळं उघडं पडलं, अध्यक्षाला सिनेटपुढे माफी मागावी लागली, आणि वर सव्वाचार लाख डॉलर मोजले. नेडरने ते पैसे कंपन्यांवर नजर ठेवायलाच खर्च केले म्हणे.

आपल्याशी ह्या जनरल मोटर्सचं नातं जुनंच आहे हो. १९२८ पासून शिवडीला शेवरलेट जोडायचे, १९५४ साली बंद केलं. आणि आपली पहिली एसटी, १ जून १९४८, पुणे-नगर, ती बेडफर्ड. बेडफर्ड विलायतेची, पण मालकी ह्यांचीच. आणि १ जूनलाच, २००९ साली, ह्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आदल्याच सप्टेंबरात तिकडे शंभरी झाली होती आणि इकडे आपल्या तळेगावात कारखाना उघडला होता! सरकारने पैसे ओतून वाचवली, पाँटिअॅक वगैरे मोडीत काढल्या. आता मेरी बारा बघते सगळं. वडील त्याच कंपनीत कामगार, ती अठराव्या वर्षी लागली. घरची मुलगी अखेर घराच्या गादीवर बसली.

... तिसरी! जाते बाई, वरणाचा गाळ होईल. आणि भाऊजींना सांगा, बिल्ला पटाशीने उचकटायचा नाही, पत्रा ओरखडला तर तो माणूस आणखी दोन हजार कमी करेल. केस वाळवायच्या यंत्राने गरम करायचा आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवायचा, अलगद सुटतो. हो, आणि कढीपत्त्याच्या दोन काड्या टाका ना भिंतीवरून.