एक घोडाभर अंतर

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. सरकारी कचेरीत ३४ वर्षं काढताना मी या म्हणीचा पूर्वार्ध निष्ठेनं पाळला. साहेब व्हरांड्यात दिसले की मी रेकॉर्डरूममध्ये. उत्तरार्ध पाळायची वेळ आली नाही, कारण कचेरीत घोडा नव्हता. निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. चालायचा कंटाळा म्हणून मी पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात घोडेस्वारीला नाव घातलं. चार महिन्यांत मांड जरा बसली आणि मला रविवारच्या रपेटीवर बढती मिळाली. तिथं कळलं, की रपेट म्हणजे दहा जणांनी एकामागून एक जाणं. म्हणजे पहिला सोडला तर बाकीचे नऊ जण घोड्याच्या मागूनच! त्यात शिकवणारे घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदारसाहेब. म्हणीचे दोन्ही भाग एकाच मैदानावर उभे.

आमच्या रांगेत जनावरं तीन तऱ्हांची. सुलतान हा काळाभोर मारवाडी घोडा, मालकानं दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली, आणि चाल अशी, की मागे वरात नसली तरी असल्यासारखी वाटावी. शिकणारी पोरं त्याला ‘स्टॅलियन’ म्हणत. मोतद्दार चाचा ‘अंडील’ म्हणत. हा शब्द इतका नेमका आहे, की घरी सौ.ला सांगताना मीही स्टॅलियनच म्हणालो. दुसरी चिमणी. ही घोडी. नाव ठेवणाऱ्यानं तिला शिंगरू असताना पाहिलं असावं. आणि तिसरा माझा पंत, खच्ची केलेला. सुलतानाला चिमणीत कायम रस. चिमणीला सुलतानात ठरावीक दिवस रस, उरलेले दिवस राग. पंताला फक्त गवतात रस.

रिसालदारसाहेबांची रांग ठरलेली. सुलतान सगळ्यांत पुढे, म्हणजे त्याच्या नाकासमोर मोकळा रस्ता. घोड्या सगळ्यांत मागे. मध्ये सगळे पंत.

“मधल्यांनी काय करायचं?” मी विचारलं.

“काही नाही. फक्त आपली जागा सोडायची नाही.”

साहेब आणि जनता यांच्या मध्ये बसून ३४ वर्षं मी हेच काम केलं होतं. त्याचं पेन्शनही चालू होतं.

बाकीचे नियम ऐकताना मला एसटीच्या पाट्या आठवत होत्या. दोन जनावरांत निदान एक घोडाभर अंतर हवं. ते मोजायचं कसं? तर आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्याच्या मागच्या टाचा दिसल्या पाहिजेत. टाचा दिसेनाशा झाल्या, की समजायचं आपण लाथेच्या हद्दीत आलो. घोड्याला शेपटीच्या अगदी मागचं दिसत नाही, त्यामुळे मागे कोण आलं याची चौकशी तो खुरांनी करतो. शेपटीला लाल फीत असेल तर ते जनावर लाथाळ, तिथं दोन घोडे अंतर. चिमणीच्या शेपटीला फीत होतीच. नाकाला नाक लावू द्यायचं नाही. कुणाला ओलांडायचं तर आधी ओरडून विचारायचं. आणि सुलतानावर कोण बसणार? मला वाटलं, कुणी मिशीवाला असेल. बसली ती कॉलेजात जाणारी, वाऱ्यानं उडेलशी एक मुलगी. “त्याला ताकद लागत नाही, लक्ष लागतं,” असं म्हणताना रिसालदारसाहेबांनी माझ्याकडे का पाहिलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

बंदोबस्ताची दुसरी फळी चाचांकडे. दिवस मोठे झाले की घोडी साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते आणि पाच-सात दिवस तशी राहते. तबेल्यातल्या कालनिर्णयवर, दुधाचे खाडे मांडावेत तसे चाचांनी ते दिवस गोल करून ठेवलेले. त्या गोलात येणाऱ्या रविवारी चिमणीला पगारी रजा. शिवाय निघण्याआधी ते सुलतानाच्या नाकपुड्यांना बोटभर विक्स लावत. घोडा श्वास नाकानंच घेतो, त्याला तोंडाची पळवाट नाही. तेव्हा घोडीचा वास यायच्या आधी विक्सचा यावा, हा हेतू. उपाय कितपत लागू पडे ते सुलतान जाणे, पण पहिली दहा मिनिटं आमची अख्खी स्वारी सर्दी झाल्यासारखी दरवळत असे.

मला भीती वाटली की मी वाचतो. ही सवय वाईट. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस कादेशवर चालून गेला, तेव्हा कादेशच्या राजानं त्याच्या सैन्यावर काय सोडावं? एक घोडी. समोर रथांना जुंपलेले घोडे. आता सगळी फौज उधळणार, इतक्यात अमेनेमहेब नावाचा सरदार तिच्यामागे धावला, तिला ठार केलं आणि शेपूट कापून राजापुढे ठेवलं. हे त्यानं स्वतःच्याच थडग्यात लिहवून ठेवलंय. मला त्यातला एकच तपशील डाचला. तो पायी धावला! आता त्या घोड्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, हे त्यानं ओळखलं असावं.

पुढे इराण. ज्याचा घोडा सूर्योदयाला आधी खिंकाळेल तो राजा, असा ठराव झाला होता म्हणे. हेरोडोटस सांगतो, की दारियसच्या मोतद्दारानं आदल्या रात्रीच त्या जागी एक घोडी नेऊन घोड्याची भेट घडवून आणली. सकाळी तिथं पोचताच घोडा खिंकाळला आणि दारियस सम्राट झाला. हे वाचल्यापासून मी चाचांशी अदबीनं बोलतो. आणि आपला अश्वमेधाचा घोडा? वर्षभर हिंडताना त्याला घोडीचं वारंही लागू द्यायचं नाही. शतपथ ब्राह्मणात त्याच्या राखणीला चारशे माणसं सांगितली आहेत. आमच्याकडे पंत आणि विक्स.

आणि एका रविवारी व्हायचं ते परतीच्या वळणावर झालं. रांग जागच्या जागी वळवायची नसते. वळवली की शेवटचा पहिला होतो आणि सुलतानाच्या पुढ्यात सगळ्या घोड्या येतात. म्हणून ओढ्यापाशी सगळ्यांनी कडेला थांबायचं, सुलतान लांबून वळसा घेऊन पुढे जाणार, मग एकेकानं मागे लागायचं. रिसालदारसाहेब हे सांगत होते तेव्हा माझा फोन वाजत होता. सौ. म्हणाली, “येताना आलं आणा.” किती, हे विचारायला मी लगाम ढिला सोडला. पंतानं त्याचा अर्थ जेवणाची सुट्टी असा घेतला आणि तो ओढ्याकाठच्या हिरवळीकडे निघाला. रांगेत खिंडार पडलं. मागे राहायला नको म्हणून चिमणी त्यात शिरली. जिथं एक घोडाभर अंतर होतं, तिथं आता एक घोडी होती. आणि समोरून सुलतान येत होता.

तो थबकला. खिंकाळला, तो माझ्या पोटात वाजला. मग मान उंचावून त्यानं वरचा ओठ उलटा केला. मला वाटलं, हसला. तो हसत नव्हता. तसा ओठ दुमडून घोडा वास पुरता आत ओढून तपासतो. विक्स केव्हाच उडालं होतं. मुलगी ओरडली नाही, लगामाला लोंबकळली नाही. तिनं त्याला टाच देऊन छोट्या गोलात फिरवलं, मग मोठ्या, मग उलट्या. इतकं काम दिलं, की बिचाऱ्याला प्रेमात पडायला फुरसत मिळेना. इकडे चिमणीनं कान मानेला चिकटवले, पाठ फिरवली, किंचाळली आणि दुगाण्या झाडल्या. सुलतान तोवर लांब गेला होता. जागेवर होतो पंत आणि मी. पंत शहाण्यासारखा एक पाऊल बाजूला झाला. खूर माझ्या रिकिबीवर टण्णकन वाजला. फोन ओढ्यात पडला, आत सौ. बहुधा अजून ‘हॅलो’ म्हणत होती.

मला वाटलं, आता सुलतानाचा उद्धार होणार. रिसालदारसाहेब शांतपणे म्हणाले, “घोडा घोड्यासारखा वागला. घोडीनं नको म्हणून सांगितलं, आधी कानांनी, मग पायांनी. पंत बाजूला झाला. चौघांत आपलं काम कुणी सोडलं?”

घरी येताना मी हिशेब मांडला. सुलतान बदनाम, म्हणून दहा जणांचे डोळे त्याच्यावर. चिमणी फीत लावून हिंडते. घात होतो तो मधल्याकडून, कारण मधल्यावर कुणाचीच नजर नसते, त्याची स्वतःचीसुद्धा. आलं मात्र आणलं. पाव किलो.

पुढच्या रविवारी पंतावर चढून बसलो, तर चाचा टाचणी घेऊन आले आणि माझ्या जाकिटाच्या पाठीवर त्यांनी लाल फीत लावली.

“चाचा, लाथ मी मारली नव्हती.”

“नाही साहेब. फीत फक्त एवढंच सांगते, लांब राहा.”

३४ वर्षांत मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. आता माझ्या पुढूनही कुणी जात नाही, आणि मागूनही.