तांडेल आहे, कुलूप नाही

कुबरनेटीस म्हणजे ग्रीक भाषेत सुकाणू धरणारा तांडेल. गूगलने २०१४ मध्ये या नावाचा सॉफ्टवेअर-तांडेल जगाला फुकट देऊन टाकला. कुठला कंटेनर (म्हणजे ॲपचं बंदिस्त खोकं) कुठल्या सर्व्हरवर चालवायचा, एखादा कोसळला तर त्याच्या जागी दुसरा कसा उभा करायचा, हे सगळं तो पाहतो. दाराला कुलूप घातलंय का, हे मात्र मालकानेच पाहायचं असतं.

टेस्लात ते पाहायचं राहिलं. तिच्या कुबरनेटीसचा डॅशबोर्ड बिनपासवर्डचा, इंटरनेटवर सताड उघडा असल्याचं रेडलॉक या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर केलं. आत कंटेनर चालवणाऱ्या एका पॉडमध्ये ॲमेझॉन क्लाउडच्या किल्ल्याही आयत्या मिळाल्या. चोर मोठे समंजस. टेस्लाच्याच खर्चाने क्रिप्टो नाणी पाडत बसले आणि बोभाटा नको म्हणून प्रोसेसरवरचा भारही बेताचाच ठेवला.

कुबरनेटीसमध्ये पासवर्ड ठेवायला ‘सीक्रेट’ नावाची सोय आहे. नावावर जाऊ नये! मूळ मांडणीत ती कूटबद्ध नसतेच. बेस६४ या साध्या लिप्यंतराचा बुरखा एका कमांडने उतरतो.

कुणाला किती अधिकार, हे ठरवणारी आरबीएसी व्यवस्थाही आहे. पण रिलीज उद्यावर आलेलं असतं, परवानगीची एरर काही जात नसते, तेव्हा जो तो ‘क्लस्टर-ॲडमिन’, म्हणजे सर्वाधिकारी, होतो. वाड्यात सगळेच कारभारी, देवडीवर कुणीच नाही.