पप्पा, रेषेच्या बाहेर!

आमच्या कन्येचा आत्मविश्वास वाढवायचा, हे मी ठरवलं. कन्येनं नव्हे.

ती तेव्हा सातवीत होती. पाहुणे आले की आतल्या खोलीत, वर्गात उत्तर येत असलं तरी हात खाली, आणि फोनवर आजीशी बोलायचं तरी आवाज इतका बारीक की आजी पलीकडून विचारायची, लाईन कट झाली काय? आमचं गाव इचलकरंजी. इथं दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, त्यामुळे माणसं खासगी गोष्टसुद्धा ओरडूनच सांगतात. अशा गावात माझीच पोर कुजबुजते, हे माझ्यातल्या बापाला सोसेना.

उपाय मी वाचून काढले. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकते’ असं म्हणायचं, हा पहिला. ती म्हणायची, पण ते आरशालाही ऐकू गेलं नसावं. मग सुट्टीत व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर झालं. त्याच्या प्रमाणपत्रावर तिचं नाव चुकीचं छापलं होतं. तिनं ते तिथल्या तिथं पाहिलं होतं, पण सांगायचा धीर झाला नाही. ते फ्रेम करून मी हॉलमध्ये लावलं, तेव्हाही ती गप्पच.

खो-खो मात्र माझ्या योजनेत नव्हता. शाळेच्या संघातल्या एका मुलीला घरच्यांनी ‘उन्हात काळी पडशील’ म्हणून खेळायला पाठवणं बंद केलं आणि जागा रिकामी झाली. क्रीडाशिक्षिका वर्गात आल्या, पोरींच्या पायांकडे बघत फिरल्या आणि हिला उचललं. मला कुणी विचारलंही नाही.

मग मी अभ्यासाला बसलो. नाष्ट्याच्या वेळी ताटावरच माझं व्याख्यान सुरू व्हायचं. “19 जानेवारी 2025, दिल्ली! पहिला विश्वचषक! अंतिम सामन्यात आपल्या महिलांनी नेपाळला 78–40 असं हरवलं. कॅप्टन कोण? प्रियांका इंगळे. आपल्या महाराष्ट्राची! धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. का? आत्मविश्वास!”

कन्या पोह्यांतले शेंगदाणे वेचत म्हणाली, “पप्पा, मला उठायला उशीर होतोय.”

मी दुसऱ्या दिवसापासून तिला पावणेपाचला हलवायला लागलो. मॅडमनी मैदानावर खो मिळाल्यावर चौकोनातून उठायला उशीर होतो असं सांगितलं होतं, हे मला आठवड्यानं कळलं. तोवर मी राष्ट्रीय स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या सर्वोत्तम मुलीला मिळणाऱ्या इला पुरस्कारासाठी हॉलच्या कपाटात जागाही केली होती. तिथला डिनर सेट कुठं ठेवला, हा विषय आमच्या घरी अजून मिटलेला नाही.

आता नुसतं घरी बसून कसं चालेल? मी सरावाला हजेरी लावायला लागलो. आठ पोरी रांगेत उकिडव्या, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं, आणि नववी पळतेय. खो द्यायचा म्हणजे बसलेलीच्या पाठीला हात लावायचा आणि त्याच क्षणी खणखणीत ‘खो’ म्हणायचं. खो ऐकू आलाच पाहिजे, नियमच आहे. माझ्या पोरीचा पहिला खो ऐकून मॅडम म्हणाल्या, “आला नाही. परत.” परत दिला. “आला नाही. परत.” मी घरी असं करायला गेलो असतो तर बायकोनं मला बाहेर काढलं असतं. मॅडम मात्र शांतपणे ‘परत’ म्हणत राहिल्या. बाकीच्या पोरी मांड्या भरून आल्या म्हणून कण्हत होत्या, आणि तेवढ्यासाठी तरी हिनं नीट ओरडावं असं त्यांचं म्हणणं होतं.

आणखी एक गंमत. जी मुलगी आइस्क्रीमचा फ्लेवर ठरवताना घामाघूम होते, तिला इथं उठल्या क्षणी डावं की उजवं ते ठरवावं लागतं. एकदा खांदा वळला की खांब गाठेपर्यंत उलट फिरायचं नाही. चुकीच्या बाजूला गेली तर जाऊ दे, तिकडून खो दे. वाईट वाटून घ्यायलासुद्धा वेळ नाही. चौदाच्या आतल्या मुलींचा डाव अवघ्या 7 मिनिटांचा.

हे सगळं मी बाजूला बसून टिपत होतो आणि मधूनमधून सूचना देत होतो. शेवटी एका चिमुरडीनं विचारलं, “काका, तुम्ही खेळलाय काय कधी?”

“शाळेत असताना,” मी म्हणालो. (बघायला उभा असायचो.)

“मग पळा की.”

मी पळालो. हूल द्यायची म्हणून डावीकडं झुकलो, तर शरीराचा वरचा भाग गेला आणि बाकीचा मागं राहिला. तीच चिमुरडी येऊन माझ्या पोटाला बोट लावून म्हणाली, “काका, आऊट. लागलं न्हाई न्हवं?”

दिवाळीनंतर नवी मुंबईत जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या आणि भारतानं महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 339 चं लक्ष्य गाठलं. मी टीव्हीसमोर पोरीला बसवून म्हणणार होतो, बघ, याला म्हणतात आत्मविश्वास. तेवढ्यात सामना संपल्यावर जेमिमाच रडत रडत सांगायला लागली, की या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडलोय, मनात भीती होती. एका सामन्यात तर तिला संघाबाहेर बसवलं होतं. माझं व्याख्यान घशातच राहिलं. बायको म्हणाली, “म्हणजे रडून रडून पण खेळता येतं. तुम्ही तर पोरीला रडूच देत नाही. डोळ्यात पाणी दिसलं की भाषण सुरू.”

डिसेंबरात दुसऱ्या एका शाळेशी सामना ठरला. मी रजा टाकली. रेषेला चिकटून उभा राहिलो. आमची तिसऱ्या चौकोनात बसलेली. समोरच्या तुकडीतली शेवटची मुलगी चपळ होती, काही केल्या सापडेना. पळणारी आमची पोर नेमकी माझ्या लेकीच्या मागं आली आणि ती चपळ मुलगी लेकीच्या अगदी पुढ्यात. दे, दे, आता दे, असं मी मनात म्हणत होतो. मनातलं बाहेर कसं आलं ठाऊक नाही. बँकेत टोकन नंबर पुकारून तयार झालेला माझा आवाज अख्ख्या मैदानावर घुमला: “खो!”

लेक उठली. काय उठली! बाण सुटावा तशी. दोन ढांगांत त्या मुलीच्या पाठीवर थाप. आमच्या बाजूनं जल्लोष. आणि शिट्टी.

खो मिळण्याआधीच उठली म्हणून फाऊल. ती मुलगी नाबाद. “कोण ओरडलं?” पंचांनी विचारलं. पालकांची एकजूट किती टिकते ते मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांची बोटं माझ्याकडं, केळीवाल्याचंसुद्धा.

मग माझ्या लेकीनं मैदानाच्या मधून, कंबरेवर हात ठेवून, पोटातून आवाज काढला. “पप्पा! रेषेच्या बाहेर व्हा! लांब! अजून लांब!”

पलीकडच्या शेडमधला कामगार माग सोडून दारात आला. इतक्या दिवसांनी आवाज फुटला होता. पण तो माझ्यावरच फुटल्यामुळं दाद देता येईना. मी मागं मागं सरकत फाटकाला टेकलो.

सामना एका गुणानं गेला. त्या गुणाचा हिशेब घरात माझ्यासमोर कुणी काढत नाही, पाठीमागं काढतात. मी सांत्वनाचं भाषण तयार ठेवलं होतं. पोरींनी चिक्की वाटून घेतली, दोघी रडल्या, दोघी हसल्या आणि उद्या किती वाजता यायचं यावर भांडण सुरू झालं.

मॅडम माझ्याकडं आल्या. मला वाटलं, आता झाडणार. “साहेब,” त्या म्हणाल्या, “आत्मविश्वासाचं आम्ही बघतो. तुम्ही त्या कुलपाचं बघा.” मैदानालगत मुलींचं स्वच्छतागृह होतं आणि त्याला कायमचं कुलूप. नववीतल्या पोरी यायच्या बंद होतात, त्याचं हे एक मोठं कारण, हे मॅडमनी मला तिथं उभ्या उभ्या सांगितलं. माझ्या अभ्यासात हा मुद्दा आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संबंधित कार्यालयात गेलो. मोठं माणूस सोबत पाहिजे म्हणून मी, आणि मागं पोरींची रांग. खिडकीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं आणि माझा आवाज कुठल्या कुठं गेला.

“काय? ऐकू आलं नाही. परत सांगा.”

मी परत पुटपुटलो. किल्ली ज्यांच्याकडं असते ते रजेवर होते. सोमवारी या. मी ‘बरं, बरं’ म्हणत वळणार, तोच माझ्या पाठीवर थाप पडली.

“खो!”

माझ्या जागेवर लेक उभी. खो मिळाला की पळायचं असतं, एवढा नियम मला आता पाठ आहे. मी पळालो. किल्ली थोड्याच वेळात मिळाली म्हणे. मी तेव्हा बाहेर रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करत होतो, आणि हरत होतो.