चाहत्याचं नाव, कलावंत अनामिक

गायक-वादकांवर जीव टाकणाऱ्या पोरांच्या कादंबऱ्या जगभर खपतात. मराठी कुमार कादंबरीत मात्र मामाच्या गावची सुट्टी अजून संपलेली नाही. विषय नाही असं नाही. २०१६ला ‘सैराट’ चित्रपटाची गाणी गावोगाव वाजली आणि त्यातल्या नायिकेला, अकलूजच्या रिंकू राजगुरूला, गर्दीपायी दहावी बहिःस्थ द्यावी लागली. वर निकालाचे टक्के वर्तमानपत्रांनी छापले! याउलट आमच्या फर्दापूरशेजारी, अजिंठ्याच्या भिंतींवर वाद्यं वाजवणाऱ्या अप्सरा रंगवणारे शहाणे. नावंच मागे ठेवली नाहीत. नाव कोरलं ते शिकारीला आलेल्या ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथने, २८ एप्रिल १८१९ला, दहाव्या लेण्यात. चित्रकार कोण, कुणाला ठाऊक नाही. स्मिथसाहेबाची सही मात्र गाईड आवर्जून दाखवतात.