इम्पोर्टेड कोयरी

काश्मीरच्या कानी शालीवर कोयरी उतरवायची तर विणकर तालीम वाचत बसतो (आखाडा नव्हे, नक्षीची सांकेतिक लिपी), लाकडी काड्यांवरचा एकेक रंग ताण्यात ओवतो. एका शालीत वर्ष सहज जातं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावानं तिची जॅकार्ड मागावर नक्कल केली आणि कोयरीला गावाचंच नाव चिकटलं. आता डिझायनर संग्रहालयातल्या शालीचा फोटो काढतो, कोयरी कापतो, पॉलिएस्टरवर छापतो. झाली ‘प्रेरणा’!

दुकानदारानं ताग्यातलं दोन मीटर कापड माझ्यापुढं झटकलं. “पेस्ली प्रिंट, मॅडम. इम्पोर्टेड डिझाइन.”

“अहो, ही कोयरी ना?”

“कोयरी पण आहे. ती कॉटनमध्ये, स्वस्तात.”

मी कापड उलटून पाहिलं. मागून कोरं पांढरं.