दाजी गाडी लावतात

गाडी चालवणं आमच्या दाजींच्या लेखी दुय्यम. खरं काम ती लावण्याचं. पांढरी डिझायर, नंबर एमएच 17, उसाचं बिल साठवून साठवून घेतलेली. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. नेवासा फाट्यावर कुणी ‘चहा घेऊ’ म्हणालं, की दाजी आधी दोन फेऱ्या मारतात.

‘हितं नको. वर लिंब हाये, लिंबोळ्या पडतात.’

पुढं चिंच असते. ‘चिंचेवर बगळे बसतात, त्यांच्या घाणीनं रंग जातो.’ भिंतीकडेला लावावी, तर भिंत कच्ची. विजेच्या खांबाखाली लावावी, तर वर कावळा. मोटारसायकलींच्या शेजारी तर नावच नको. ‘मोटारसायकलवाल्याला आरसा नसतो, अन् असला तर भांग पाडायला असतो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवाळीनंतर भेंड्याचा आणि सोनईचा कारखाना पेटला, की दाजींची झोप उडते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर दिसला, की ते गाडी पार शेताच्या बांधाला नेऊन उभी करतात. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टिपरं आपल्याच दारावर चरा पाडणार, याची त्यांना खात्री असते. गाडी उसानंच दिली आहे, याची अशा वेळी आठवण करून द्यायची नसते.

जागा एकदाची पसंत पडली, की आक्का उतरते. हे तिनं कधी ठरवलेलं नाही. लग्नात पदरात पडलेलं काम आहे. ‘येऊ द्या, येऊ द्या... अहो बास!’ बास म्हटल्यावर दाजी गाडी थांबवतात, खाली उतरतात आणि मागं किती जागा उरली ते स्वतः बोटांनी मोजतात. चार बोटं भरली तर ठीक. तीन भरली तर आक्काला पुन्हा ‘येऊ द्या’ म्हणावं लागतं. मग दाजी गाडीला एक प्रदक्षिणा घालतात, जुना डाग अंगठा ओला करून घासून बघतात, दहा पावलं चालतात आणि वळून पाहतात. हॉटेलात तोंड गाडीकडं होईल अशीच खुर्ची धरतात. समोर बसलेल्या पाहुण्याला वाटतं, दाजी आपलं बोलणं फार मन लावून ऐकतायत. दाजी त्याच्या खांद्यावरून टेम्पो कुठं वळतोय ते बघत असतात.

देवांच्या बाबतीतही त्यांचा क्रम पार्किंगवर लागतो. देवगडला दत्ताचं आवार ऐसपैस, म्हणून तिथं महिन्याला जाणं होतं. मोहिनीराज गावातल्या बोळात, म्हणून त्याला लांबून हात. कामिका एकादशीला ज्ञानेश्वर मंदिरात गर्दी लोटते, तेव्हा दाजी गाडी घरीच ठेवून दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून येतात. ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच्यापुढं ते डोळे मिटून बराच वेळ उभे राहतात. आपल्या गाडीला मात्र कुणी टेकलेलं त्यांना खपत नाही.

कळस शिंगणापूरला. घरांना दारं नसल्याची ख्याती असलेलं गाव. 2011 साली युको बँकेनंही तिथं बिनकुलपाची शाखा काढली. दाजींनी गाडीला कुलूप लावलं, चारही दारं ओढून पाहिली, डिकी दाबून पाहिली. मेव्हणा न राहवून म्हणाला, ‘दाजी, इथं घरांना दारं नसतात.’

‘घरांना नसतील. गाडीला हायेत ना?’

एवढं असून माणूस कंजूष म्हणावा तर तसंही नाही. दाजी दुसऱ्याची गाडीही आपली मानतात. वाऱ्यानं आडवी झालेली कुणाचीही स्कूटर उचलून स्टँडला लावतील, उन्हात तापलेल्या अनोळखी सीटवर गोणपाट टाकतील. परवा एक बकरी कुणाच्या तरी नव्या गाडीच्या बॉनेटवर चढली होती. तिला खाली उतरवायला दाजी निम्म्या जेवणावरून उठले, हात न धुता.

त्यामुळं भावकीत लग्न निघालं, की पत्रिकेच्या आधी दाजींना निरोप जातो. मंगल कार्यालयाच्या मागच्या रानात ते सकाळपासून शिट्टी घेऊन उभे. जीप इकडं, पिकअप तिकडं, नवरदेवाची गाडी वरातीला पटकन निघेल अशी तोंड बाहेर करून. जेवणाचं ताट तिथंच. भाचीच्या लग्नातही मंगलाष्टकं त्यांनी स्पीकरवरच ऐकली. ‘सावधान’ झालं तशा खिशातल्या अक्षता काढून मंडपाच्या दिशेनं उडवल्या. दोन-चार दाणे डिझायरच्या टपावर पडले. दाजींनी खांद्यावरचं पिवळं फडकं काढलं आणि शेजारच्या पोराला दम दिला, ‘हात लावू नको रे, घासशील. फुंकून उडव.’